चव्वेचाळीस वर्षं, आणि एकदाही खाली नाही!

थांबा, बाकीचं सगळं नंतर, आधी हे ऐका. फ्रान्समध्ये पॅरिसच्या आग्नेयेला, बर्गंडीत, योन नदीच्या काठी ओसेर नावाचं गाव आहे. वस्ती जेमतेम पस्तीस हजारांच्या आसपास. शेजारी शाब्ली, जिथली पांढरी वाइन जगभर जाते. या गावातल्या फुटबॉल क्लबनं १९६१ साली बावीस वर्षांच्या एका पोराला प्रशिक्षक नेमलं. तो त्या पदावरून उतरला २००५ साली, त्याच क्लबातून! तो आला तेव्हा क्लब प्रांतापुरत्या हौशी लीगमध्ये खेळत होता. मध्ये क्लब फ्रान्सचा विजेता झाला. आणि एवढ्या वर्षांत एकदाही, अहो एकदाही, खालच्या विभागात घसरला नाही.

हे मला इतक्या उशिरा का कळावं? मी क्रिकेटची. रणजीच्या धावफलकांवर वाढलेली. फुटबॉल म्हणजे चार वर्षांनी येणारा वर्ल्ड कप, रात्रीची जागरणं आणि मग पुन्हा चार वर्षं सामसूम. भाच्याच्या लॅपटॉपवर त्या दिवशी एक तक्ता उघडा होता. एकेक ओळ म्हणजे एकेक हंगाम: कुठला विभाग, कितवा क्रमांक, किती जिंकले, किती हरले, कपमध्ये कुठवर मजल. आकडे दिसले की मला राहवत नाही. म्हटलं, बघू तरी. तो म्हणाला, “मावशी, तुला कंटाळा येईल.” कंटाळा! रात्री दोन वाजता मी त्याला उठवून विचारत होते की बाबा रे, १९९३ सालच्या या ओळीत नेमकं काय झालं ते सांग आधी.

ज्यांना युरोपातल्या लीगची रीत ठाऊक नाही त्यांच्यासाठी थोडक्यात सांगते. तिथे वर्षभर प्रत्येक संघ दुसऱ्या प्रत्येकाशी दोनदा खेळतो, एकदा घरी, एकदा त्यांच्या गावी. वर्षाअखेरी तळातले काही संघ खालच्या विभागात जातात आणि खालच्यातले अव्वल वर येतात. नाव कितीही मोठं असो, पाय घसरला की गेला खाली. म्हणून तक्त्यातली विभागाची रकाना-रेघ फार जीवघेणी असते. मोठमोठ्या क्लबांचे तक्ते पाहिलेत तर मध्येच कुठेतरी एक-दोन वर्षं खाली गेलेली सापडतात. ओसेरचा १९६१ पासूनचा तक्ता मात्र असा, की सापशिडीच्या पटावरचे साप कुणीतरी पुसून टाकलेत आणि नुसत्या शिड्याच ठेवल्यात. १९७० साली तिसरा विभाग. १९७४ साली दुसरा. १९८० साली पहिला!

त्या प्रशिक्षक पोराचं नाव गी रू. जन्म कोलमारचा, वाढला ओसेरजवळच्या आप्वान्यी गावात, क्लबाकडून खेळलेलाही. प्रशिक्षकाची जागा रिकामी झाल्यावर त्यानं स्वतःच अर्ज केला. त्याची जमेची बाजू अशी की तो सगळ्यांत स्वस्त होता! क्लबाला पैशांची चणचण, हा खेळणार आणि शिकवणारही, म्हणजे एका पगारात दोन माणसं. काटकसर त्याच्या अंगातच. पुढे म्हातारपणी एका बाटलीबंद पाण्याच्या जाहिरातीतही तो झळकला, आणि तिथेही उपदेश हाच की उधळपट्टी करू नका. असा माणूस आपल्याकडे सहकारी बँकेचा अध्यक्ष झाला असता तर किती ठेवीदार सुखानं झोपले असते, हा आपला माझा एक विचार.

क्लब त्याच्याही आधीपासूनचा. १९०५ च्या अखेरीस देशाँ नावाच्या पाद्रीनं तो काढला, गावातल्या तरुण मुलांसाठी. त्याच डिसेंबरात फ्रान्सनं धर्मसंस्था आणि सरकार वेगळं करणारा कायदा केला होता. चर्च आणि सरकार यांच्यात वातावरण तापलेलं, आणि पाद्री लोक पोरांना धरून ठेवायला व्यायामशाळा आणि खेळाची मंडळं काढत होते. फ्रान्समधले कितीतरी क्लब अशा मंडळांतून आले. ओसेरच्या मैदानाला आजही त्या पाद्रीचंच नाव आहे: स्टाद आबे-देशाँ. कुठल्या कंपनीचं नाही, पाद्रीबुवांचं. मला हे भलतंच आवडलं. अध्यक्षही तसेच चिवट. जाँ-क्लोद आमेल १९६३ ला खुर्चीवर बसले ते २००९ पर्यंत. प्रशिक्षक चार दशकं, अध्यक्ष चार दशकं; दर सहा महिन्यांनी प्रशिक्षकाला नारळ देणाऱ्या या धंद्यात!

आता १९७९ ची ओळ पाहा. विभाग: दुसरा. कपच्या रकान्यात: अंतिम सामना. मी दोनदा वाचलं. फ्रेंच कप ही स्पर्धा सगळ्यांना खुली, गल्लीतल्या हौशी संघापासून पॅरिसच्या तालेवारांपर्यंत, हल्ली तर सात हजारांहून जास्त क्लब त्यात उतरतात. त्यात दुसऱ्या विभागातलं ओसेर थेट पॅरिसमधल्या अंतिम सामन्यात उतरलं, समोर नाँतसारखा बलाढ्य क्लब, आणि नव्वद मिनिटांत निकाल लागला नाही! जादा वेळेत नाँतनं ४–१ असं झोडलं खरं. पण झोडपून घ्यायला तिथवर पोचावं लागतं ना? पुढच्याच वर्षी पहिल्या विभागात. मग पोलंडचा आंजेई शारमाख आला, मिशीवाला, वर्ल्ड कप गाजवलेला, आणि या छोट्या गावात गोलांची रास लावून गेला. १९८४ साली तिसरा क्रमांक आणि युरोपातल्या क्लबांच्या स्पर्धांचं दार उघडलं. १९८५ च्या शरदात इटलीचं मिलान ओसेरला आलं आणि ३–१ नं हरून परत गेलं! परतीच्या सामन्यात मिलाननं ०–३ नं उट्टं काढलं, ते सोडा. मिलान, बर्गंडीतल्या त्या चिमुकल्या मैदानावर, हरलं!

पैसा नाही तर मग खेळाडू कुठून? गावातच घडवायचे. रूनं तरुण मुलांचं प्रशिक्षण केंद्र उभं केलं आणि तिथून काय एकेक रत्न निघालं म्हणून सांगू. एरिक कँटोना! मँचेस्टरचा तो कॉलर ताठ करून चालणारा राजा, तो या ओसेरमध्ये पंधराव्या वर्षी दाखल झालेला पोर. १९८८ ला मार्से क्लबानं त्याला विकत घेतलं तेव्हा फ्रान्समधल्या खेळाडूसाठी मोजलेली ती विक्रमी रक्कम होती. बाझील बोली इथलाच, ज्याच्या हेडरवर मार्सेनं १९९३ ची चॅम्पियन्स लीग जिंकली. पुढच्या पिढीत जिब्रिल सिसे. आणि पोरांवर रूची नजर कशी? रात्री कोण बाहेर गेलं हे कळावं म्हणून गाड्यांच्या बॉनेटला हात लावून इंजिन गरम आहे का ते तो बघायचा, पॅरिसच्या रस्त्यावरच्या टोलनाक्यावर त्याची माणसं असायची, असे किस्से फ्रान्समध्ये अजून रंगवून सांगतात. किती खरे, किती मीठमसाला, देव जाणे. पण लोकरीची टोपी कानांवर ओढून मैदानाच्या कडेला उभ्या त्या गिड्ड्या माणसाचे फोटो पाहिले की वाटतं, असेल, असेल, हा नक्की बॉनेटला हात लावत असेल.

खेळही त्याचा जुन्या वळणाचा. तुझा माणूस तू धर, तो जाईल तिथे जा, अशी एकास-एक राखण, आणि दोन्ही कडांना धावरे विंगर. जग आपापला भाग राखण्याच्या नव्या पद्धतीकडे वळलं तरी हा ढिम्म.

आणि आता १९९३. ज्यासाठी मी पोराची झोपमोड केली ती ओळ. लीगमध्ये सहावा क्रमांक, विशेष काही नाही. (त्या वर्षी फ्रान्सचा विजेता कोण? कोणीच नाही! मार्सेनं सामना विकत घेतल्याचं प्रकरण उघडकीला आलं, विजेतेपद काढून घेतलं, आणि ती जागा कायमची कोरी राहिली. तक्ता वाचताना अशी कोरी जागा दिसली की अंगावर काटा येतो.) पण शेजारच्या रकान्यात युएफा कप, म्हणजे युरोपातल्या क्लबांची स्पर्धा, उपांत्य फेरी. उपांत्यपूर्व फेरीत कोणाला काढलं? गतविजेत्या आयाक्सला! घरी ४–२, आणि अ‍ॅमस्टरडॅममध्ये फक्त ०–१. मग डॉर्टमुंड. जर्मनीत जाऊन २–० अशी हार. संपलं, असं कोणीही म्हणावं. २० एप्रिलला परतीचा सामना ओसेरमध्ये. सुरुवातीलाच कोराँताँ मार्तीन्सचा गोल. १–०. मग वाट, वाट, वाट. सत्तरीच्या मिनिटांत डच बचावपटू फ्रँक फर्लाटचा दुसरा! दोन्ही सामने मिळून २–२. जादा वेळ. काही नाही. पेनल्टी. एकामागून एक सगळे मारतात, पाच-पाच होतात, अजून बरोबरी. डॉर्टमुंडचा सहावा आत जातो. आता ओसेरचा स्तेफान माए चेंडू ठेवतो, पलीकडे गोलरक्षक श्टेफान क्लोस. आणि तो अडवतो. ५–६. अंतिम सामना युव्हेंतसशी होता, तो दुसऱ्यांचा झाला. त्या रात्री त्या मैदानावर असलेली माणसं आज आजोबा झाली असतील आणि मला खात्री आहे, प्रत्येक नातवाला त्यांनी हे सांगितलं असेल.

माएबद्दल मला भारी वाईट वाटलं. पण तक्ता तुम्हाला तिथे बसू देत नाही, पुढची ओळ खेचून नेते. १९९४: फ्रेंच कप, क्लबाची पहिली मोठी ट्रॉफी, माँपेलिए ३–० नं पार. आणि १९९६.

१९९६! लीगच्या रकान्यात १. कपच्या रकान्यात विजेते. एकाच वर्षी दोन्ही. ज्या देशात पॅरिस, मार्से, मोनाको पैसे ओतत होते तिथे. हिवाळ्यात पॅरिस बरंच पुढे होतं, वसंतात गडगडलं, आणि शेवटी ओसेर ७२ गुण, पॅरिस ६८. रूनं लोराँ ब्लाँला आणून बचावाच्या मध्यावर उभं केलं होतं, दोनच वर्षांनी फ्रान्ससाठी वर्ल्ड कप जिंकणाऱ्या संघातला तो ब्लाँ. कपच्या अंतिम सामन्यात समोर तिसऱ्या विभागातलं नीम! म्हणजे १९७९ ला ओसेर जिथे होतं त्याच्याही खालून आलेला संघ. आणि गंमत अशी की नीमनंच आधी गोल केला. ब्लाँनं बरोबरी साधली आणि संपता संपता लिलियाँ लासलाँदनं दुसरा मारला. मी नीमसाठीही हळहळले, खोटं कशाला बोलू.

पुढच्या वर्षी चॅम्पियन्स लीगमध्ये गटात पहिले, आयाक्स आणि रेंजर्स असलेल्या गटात. उपांत्यपूर्व फेरीत समोर कोण? डॉर्टमुंड. पुन्हा डॉर्टमुंड! पुन्हा हार, आणि ते डॉर्टमुंड त्या वर्षी युरोपचं विजेतं झालं.

यानंतरची वर्षं मी भराभर वाचली. २००० साली रू एक हंगाम बाजूला झाला, संघ तेरावा आला, तो परतला आणि तिसरा आला; त्याच हंगामात त्याच्या हृदयाची शस्त्रक्रिया झाली होती. २००२ च्या ऑक्टोबरमध्ये लंडनला जाऊन आर्सेनलला त्यांच्याच मैदानावर २–१. २००३ ला पुन्हा कप, २००५ ला पुन्हा कप, आणि तो हातात घेऊन म्हातारा घरी. दोन वर्षांनी लाँस क्लबानं त्याला बोलावलं, वयाच्या नियमावरून लीगशी वाद झाला, तो मिटला, आणि चार सामन्यांत रूनं राजीनामा दिला. पहिल्या विभागात बाकावर बसलेले एकूण सामने ८९४. फ्रान्समध्ये हा विक्रमच आहे.

मग साप आलेच. २०१० ला तिसरा क्रमांक, आणि दोनच वर्षांनी, २०१२ ला, विसावा. शेवटचा. बत्तीस वर्षांनी पहिल्या विभागातून बाहेर. दुसऱ्या विभागातली ती दहा वर्षं वाचवत नाहीत, एकदा तर सतरावा क्रमांक, म्हणजे तिसऱ्या विभागाच्या उंबऱ्यावर. मध्येच २०१५ ला मात्र, दुसऱ्या विभागात असताना, कपच्या अंतिम सामन्यात धडक, अगदी १९७९ सारखी. कतारच्या पैशानं गबर झालेलं पॅरिस समोर, आणि जिंकलं ते फक्त १–० नं, काव्हानीच्या एका गोलावर.

२०२२ ला वर येण्यासाठीचा निर्णायक सामना सेंतेत्येनच्या मैदानात, दोन्ही सामने १–१, आणि पुन्हा पेनल्टी! मी श्वास रोखून तो निकाल पाहिला, जो जगाला केव्हाच माहीत होता. या वेळी ओसेर ५–४. पुढच्याच वर्षी, जून २०२३ ला, शेवटच्या दिवशी घरी लाँसकडून १–३ हार, तिकडे नाँत जिंकलं, आणि एका गुणानं खाली. एका गुणानं! लगेच पुढच्या हंगामात दुसऱ्या विभागाचे विजेते, पुन्हा वर.

२०२४–२५ ची ओळ: पहिला विभाग, अकरावा क्रमांक. सरळसाधी दिसते. पण आत बघा: मार्सेला त्यांच्या घरी ३–१, आणि फेब्रुवारीत ओसेरमध्ये ३–०. भाचा मार्सेवाला निघाला, हे मला उशिरा कळलं. आता जेवताना मी त्याला दोन्ही स्कोअर ऐकवते. तो म्हणतो, “मावशी, तुला हे दाखवायलाच नको होतं.” मी विचारते, तुझ्या मार्सेचा तक्ता कुठाय, काढ बरं, १९९३ ची ओळ बघायचीय.