कचेरीस पायी जावे काय?

पायी चालण्याची स्तुती ऐकून ऐकून वाचक कंटाळले असतील, याची आम्हांस कल्पना आहे. वैद्य ती करतात, डॉक्टर करतात, आणि ज्यांच्या दारी दोन दोन मोटारी उभ्या असतात ते गृहस्थ तर सर्वांहून अधिक करतात. तेव्हा चालण्याचा महिमा गाण्याचा आमचा आज विचार नाही. सकाळी हवा खावयास बाहेर पडणे निराळे, आणि पोटापाण्याच्या उद्योगाकरिता ठरलेल्या घटकेस ठरलेल्या ठिकाणी आपल्या पायांनी जाऊन पोहोचणे निराळे. हवा खाणाऱ्याचे पाय दुखू लागले तर तो वाटेतून परततो. कचेरीस निघालेल्यास ती सोय नाही. त्यातून अंतर कोसाहून अधिक असले म्हणजे प्रश्न एकट्या पायांचा राहत नाही. घड्याळ, अंगावरचा सदरा, रस्ता आणि घरातील चार माणसे इतक्यांशी त्याचा संबंध येतो. गेल्या चैत्रापासून आमच्या घरी या प्रश्नाचा बराच खल झाला, तो येथे सांगावयाचा आहे.

आमचे घर कोथरुडास, कर्वे पुतळ्याजवळ; कचेरी शिवाजीनगरास, न्यायालयाच्या बाजूस. मधले अंतर सुमारे ६ किलोमीटर, म्हणजे जुन्या हिशेबाने पावणेचार मैल. आजवर ते आम्ही दुचाकीवरून तोडीत आलो. आमचे वय ५४. यंदाच्या वार्षिक तपासणीत रक्तातील साखरेची गेल्या तीन महिन्यांची सरासरी दाखविणारा आकडा ६.१ निघाला. हा आकडा ५.७ च्या खाली असला म्हणजे चिंता नसते, ६.५ झाला की मधुमेह समजतात. मधली पट्टी काठावरची. डॉक्टर आमच्या पुतण्याच्या वयाचे होते. ते म्हणाले, "काका, औषध आज देत नाही. तीन महिन्यांनी पुन्हा पाहू. तोवर चाला."

चाला म्हणणे सोपे; पण केव्हा? पहाट स्वयंपाकघराच्या गडबडीत जाते, सकाळी वडिलांचे स्नान, संध्याकाळी पुतण्याच्या मुलीचे गणित, आणि रात्री जेवणे होता होता दहा वाजतात. तेव्हा मनात आले, की जे अंतर रोज तोडावेच लागते तेच पायांनी तोडले तर वेगळा वेळ काढण्याचे कारणच उरणार नाही. शिवाय सकाळी खाऊन निघाल्यानंतरचे चालणे या विकारास विशेष मानवते. कारण चालताना पायांचे स्नायू रक्तातील साखर थेट आपल्याकडे ओढून घेतात. आमच्या पावलाने ६ किलोमीटरांस सवा तास लागतो. जाऊन येऊन अडीच तास. दुचाकीस याच कामी तासाच्या आतबाहेर लागतो. म्हणजे दिवसातून दीड तास अधिक.

हा दीड तास कोठून आणावयाचा, यावर घरात सभा भरली. आमच्या घरी कोणतीही गोष्ट एकट्याने ठरत नाही. वाचकांपैकी ज्यांची घरे अद्याप एकत्र आहेत त्यांस यात नवल वाटणार नाही.

प्रथम थोरले बंधू बोलले. दादा बँकेतून निवृत्त झाले असून आकड्यांवाचून त्यांचे समाधान होत नाही. "दिवसाला दहा हजार पावले झालीच पाहिजेत," असा त्यांचा आग्रह. पुतण्याने लगेच आक्षेप घेतला, आणि तो खरा होता. जपानात १९६५ साली पावले मोजण्याचे एक यंत्र विक्रीस आले, त्याचे नावच मुळी 'दहा हजार पावलांचे मापक' अशा अर्थाचे होते. ते नाव जिभेवर बसले आणि पुढे जगभर नियम होऊन राहिले. २०१९ साली अमेरिकेतील वृद्ध स्त्रियांच्या पाहणीत असे दिसले, की दिवसाला ४,४०० पावलांपासूनच लाभ दिसू लागतो आणि ७,५०० च्या सुमारास तो वाढावयाचा थांबतो. जागतिक आरोग्य संघटनेने २०२० साली सांगितलेले माप प्रौढांस आठवड्याला १५० ते ३०० मिनिटांच्या मध्यम श्रमाचे आहे. आमचे एका बाजूचे चालणेच आठ हजार पावलांच्या घरात जाते. तेव्हा येणे आणि जाणे दोन्ही पायी करण्याची आवश्यकता नाही, एवढा निर्णय पहिल्या बैठकीत झाला. दादांस तो फारसा रुचला नाही.

मग एका रविवारी सबंध वाट चालून पाहावी असे ठरले, आणि आम्ही पुतण्यास बरोबर घेऊन निघालो. पुण्याच्या रस्त्यांविषयी पुणेकराने पुणेकरास काय सांगावे! परंतु दुचाकीवर बसून दिसणारा रस्ता आणि पायाखालचा रस्ता हे दोन वेगळे रस्ते आहेत. पुतळ्यापासून नळ स्टॉपपर्यंतचा अडीच किलोमीटरांचा तुकडा पायी जाणाऱ्याची परीक्षाच पाहतो. पदपथ आहे, पण त्यावर कोठे दुचाक्या उभ्या, कोठे विजेची पेटी, कोठे चहाची टपरी, कोठे फरशी उखडून वर आलेली. दर पन्नास पावलांनी खाली उतरावे आणि पुन्हा वर चढावे. नळ स्टॉपजवळ वरून मेट्रो, तिच्या खालून पूल आणि त्याही खालून आपण, असे तीन मजली दृश्य आहे. त्या तळमजल्यावर रस्ता ओलांडावयास आम्हांस चार मिनिटे लागली. तीही रविवारी.

नळ स्टॉप मागे पडल्यावर जीव थोडा खाली बसतो. डेक्कन ओलांडून जंगली महाराज रस्त्यास लागले म्हणजे मात्र चालणारा माणूस कोणाच्या तरी ध्यानात होता असे वाटते. येथील पदपथ गेल्या दशकात रुंद केले, झाडे राखली, बसावयास बाकेही आहेत. संभाजी उद्यान, त्यापुढे १९६८ साली उघडलेले बालगंधर्व रंगमंदिर, आणि पुढे आठव्या शतकातली पाताळेश्वराची लेणी. या लेण्यांवरून आम्ही वर्षानुवर्षे ये-जा केली, परंतु आत उतरून नंदीच्या त्या वाटोळ्या मंडपाशी दहा मिनिटे बसलो ते त्या रविवारी. पुतण्याने विचारले, "काका, रोज असे बसलात तर कचेरीस कधी पोहोचणार?" प्रश्न वाजवी होता.

घरी आल्यावर पुतण्याने आपली योजना मांडली. नळ स्टॉपपर्यंत चालावे व तेथून मेट्रोने जिल्हा न्यायालयापर्यंत जावे. ही मेट्रो ६ मार्च २०२२ रोजी वनाजपासून गरवारे महाविद्यालयापर्यंत सुरू झाली आणि १ ऑगस्ट २०२३ पासून न्यायालयावरून पुढे जाऊ लागली. तेव्हा गाडीची सोय चोख आहे. परंतु त्यात जो तुकडा चालावयास वाईट तो पायी, आणि जो चांगला तो गाडीने, असा उलटा प्रकार होतो. आम्ही ती योजना उलटी करून घेतली: पुतळ्यापासून नळ स्टॉपपर्यंत बसने जावे, आणि तेथून पुढचे साडेतीन किलोमीटर चालावे. पाऊण तासाची वाट. आठवड्यास पाच दिवस म्हणजे २२५ मिनिटे. संध्याकाळी धूर व गर्दी फार, म्हणून परतताना मेट्रो आणि बस. उन्हाळ्यात घामाचा प्रश्न कचेरीच्या कपाटात एक इस्त्रीचा सदरा ठेवून सुटतो. राहता राहिला लौकिकाचा प्रश्न. आमच्यासारखा मनुष्य घामाघूम होऊन फाटकातून आत शिरला, की पहारेकरी कळवळ्याने विचारतो, "साहेब, गाडी बिघडली का?" त्याचे समाधान होईल असे उत्तर आम्हांस अद्याप सुचलेले नाही.

नाना, म्हणजे आमचे वडील, ८६ वर्षांचे आहेत. दृष्टी मंद झाली आहे. कान शाबूत आहेत. इतका वेळ ते गप्प होते. ते म्हणाले, "अरे, आम्ही शाळेला दोन कोस चालत गेलो, ते गाडीच नव्हती म्हणून. तुला दारात गाडी ठेवून चालावयाचे आहे. ते अवघड." आणि मग त्यांनी कर्व्यांची गोष्ट काढली. ज्यांच्या नावाच्या रस्त्यावर आमचे घर आहे त्या अण्णासाहेब कर्व्यांनी १९०० साली विधवांचा आश्रम शहराबाहेर हिंगण्यास एका झोपडीत नेला. ते त्या वेळी फर्ग्युसन महाविद्यालयात गणित शिकवीत. महाविद्यालयाचे काम आटोपले, की आश्रमास लागणारे सामान घेऊन ते पायी हिंगण्याकडे निघत. पावसाळ्यात ती वाट म्हणजे निव्वळ चिखल. आज ज्या वाटेवर मेट्रोचे खांब उभे आहेत, तीच ही दिशा. नानांच्या सांगण्यात अभिमान होता, आणि आमच्या पाऊण तासाचा थोडा उपहासही होता.

यावर आमच्या सौभाग्यवती स्वयंपाकघराच्या दारातून म्हणाल्या, "नाना, अण्णा हिंगण्याला चालत जात तेव्हा घरी मुलेबाळे कोण सांभाळत होते?"

नाना हसले. उत्तर त्यांस ठाऊक होते. अण्णासाहेबांच्या पत्नी आनंदीबाई, ज्यांस सर्व जण बाया म्हणत, त्यांचे 'माझे पुराण' हे आत्मचरित्र १९४४ साली प्रसिद्ध झाले. ते आमच्या घरी आहे, आणि सौभाग्यवतींनी ते एकाहून अधिक वेळा वाचले आहे. संस्थेकडे पैसा व वेळ जात असता संसाराचा भार कोणी आणि कसा ओढला, हे त्यात रोखठोक आलेले आहे.

"हे काही भांडण नाही," त्या पुढे म्हणाल्या. "अहो, तुम्ही बसने आणि पायी जाणार म्हणजे अर्धा तास लवकर निघणार. आठ ते नऊ तुम्ही नानांचे स्नान आवरता, त्यांना वर्तमानपत्र वाचून दाखवता. तो अर्धा तास कोणाच्या खात्यातून जाणार? वहिनींचे गुडघे धरलेले. त्यांना नानांना उठवून बसवता येत नाही. सूनबाई सातला कामावर जाते. म्हणजे माझ्याच ना? जाऊ दे, तेही करीन. पण मला सांगा, तुमची साखर कचेरीने तपासली. माझी कोणी तपासली?"

सभेत थोडा वेळ कोणी बोलले नाही. त्यांचे वय ५२. त्यांच्या आईस मधुमेह होता. त्या दिवसभर घरात उभ्या असतात, म्हणून 'त्यांचे चालणे होतेच' असे आपण सगळेच धरून चालतो. परंतु ओट्यापासून देवघरापर्यंतच्या फेऱ्या कितीही झाल्या तरी त्यांत सलग अर्धा तास वेगाने पाऊल पडत नाही, आणि डॉक्टरांस हवे आहे ते हेच. दुसऱ्या दिवशी पुतण्या त्यांस घेऊन गेला. त्यांचा आकडा ६.४ आला. आमच्याहून वर.

मग सर्व हिशेब पुन्हा पहिल्यापासून मांडावा लागला. घरात चालावयाची गरज एकास नसून दोघांस होती, आणि सकाळ तर एकच. आमचे पाच दिवस गेले. सोमवार, बुधवार व शुक्रवार आम्ही नळ स्टॉपवरून पायी जावे. मंगळवार, गुरुवार व शनिवार सौभाग्यवतींनी साडेसहास बाहेर पडून पाऊण तास चालून यावे, आणि त्या दिवशी डबे व नानांचे स्नान दोन्ही आम्ही पाहावे. पुतळ्याकडून नळ स्टॉपकडे जाण्यास त्यांनी साफ नकार दिला. त्या मागच्या शांत गल्ल्यांतून जातात, आणि त्यांची निवड आमच्याहून शहाणपणाची आहे. तीन दिवसांची पाऊण पाऊण तासाने १३५ मिनिटेच भरतात, १५० होण्यास पंधरा कमी पडतात, हे दादांनी तत्काळ दाखवून दिले. त्यावर वहिनी म्हणाल्या, "भाऊजी, रविवारी भाजी तुम्ही चालत जाऊन आणा, आणि हिलाही बरोबर न्या. म्हणजे दोघांची मिनिटे भरतील." हा ठराव एकमताने संमत झाला. भाजीचे ओझे मिनिटांत धरावे की वेगळे, हे कोणी काढले नाही.

हा क्रम सुरू होऊन सात आठवडे झाले. ज्येष्ठ संपत आला. पावसाची दोन सरी पडून गेल्या, आणि पहिल्याच सरीत नळ स्टॉपजवळचे पाणी आमच्या घोट्यापर्यंत आले. घरात धड छत्र्या दोनच होत्या, त्यांतील एक दादा आपली म्हणून कोणास देत नाहीत. तेव्हा तिसरी आणली. पुढची तपासणी आषाढात आहे, दोघांचीही एकाच दिवशी. सोमवार, बुधवार व शुक्रवारी नानांस दादा वर्तमानपत्र वाचून दाखवितात. दादा बाजारभाव सबंध वाचतात आणि अग्रलेख गाळतात, अशी नानांची तक्रार आली आहे. ती येत्या रविवारी जेवणानंतर विचारास घेतली जाईल.