नंबर काढताना

कुंभिवली गावचा माणूस चष्म्याचा नंबर काढायला खोपोलीला जातो, मोतीबिंदू निघाला तर पनवेलला. चाळिशीसाठी मात्र बाजारातला रेडिमेड चष्मा. दोन-चार लावून बघायचे, बिस्किटाच्या पुड्यावरची बारीक अक्षरं लागली की पैसे द्यायचे. झाली तपासणी.

तशी ती वाईट नाही. तांदळातले खडे निवडायला दीडचा नाहीतर दोनचा चष्मा बहुतेकांना पुरतो. पण रेडिमेडच्या दोन्ही काचा एकाच नंबराच्या, सिलिंडर, म्हणजे तिरका नंबर, नाहीच. एक डोळा अधू असला तर दुसरा पुडा वाचून मोकळा होतो, मालकाला पत्ताही लागत नाही.

*

मूळ नाशिकचे रमेश रासकर आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २०१० मध्ये एमआयटीत ‘नेत्रा’ हे नंबर काढायचं साधन तयार केलं. मोबाइलच्या पडद्यावर भिंग बसवायचं, त्याला डोळा टेकवायचा आणि आतल्या लाल-हिरव्या रेषा बटण दाबत एकमेकींवर आणायच्या. किती सरकवाव्या लागल्या त्यावरून नंबर, तोही सिलिंडरसकट! कल्पना झकास. अडचण पोरांची. त्यांचा डोळा जवळ बघायला चटकन ताण घेतो आणि उणे नंबर आहे त्याहून जास्त निघतो. म्हणून तर डॉक्टर थेंब घालून, डोळा सैल पडल्यावर तपासतात.

*

डॉक्टरच्या अंधाऱ्या खोलीत तरी वेगळं काय?
‘काकू, पहिलं बरं की दुसरं?’
‘तुम्हीच सांगा ना डॉक्टर.’

उत्तर शेवटी पेशंटचंच. पण विचारणाऱ्याने आधी रेटिनोस्कोपचा उजेड डोळ्यावर फिरवून, छाया कुठे सरकते ते बघून अंदाज बांधलेला असतो. काकूंचं उत्तर त्याला ताडून बघता येतं. शिवाय उजव्या डोळ्याने वाचलेली ओळ डाव्याला पाठ असते, हेही त्याला ठाऊक. ‘आता उलटीकडून वाचा,’ म्हटलं की गाडी अडखळते. तळहाताने डोळा झाकून बोटांच्या फटीतून बघणारे तर घरोघरी.

काचबिंदू या सगळ्यातून निसटतो. कडेची नजर जात असतानाही तक्त्यावरची शेवटची ओळ स्पष्ट वाचता येते. त्यासाठी डोळ्याचा दाब मोजावा लागतो, मागची नस बघावी लागते.

*

आणि गाडी चालवणाऱ्यांची नजर? सावरोली-खारपाडा रस्त्यावर कंटेनरची रांग. व्यावसायिक वाहनाच्या लायसन्सला डॉक्टरचा दाखला लागतो. चाळिशीच्या आतल्या खासगी गाडीवाल्याला फॉर्म १ मध्ये स्वतःच लिहून द्यायचं असतं, की २५ मीटरवरची नंबरप्लेट दिसते. २५ मीटर मोजून मग ‘हो’ लिहिणारा मला अजून भेटायचाय.