पुस्तकाचे मोल

पुस्तकाची किंमत म्हणजे कागद, छपाई आणि बांधणी यांची किंमत, असा समज दीर्घकाळ रूढ होता. ई-पुस्तकाने त्याला धक्का दिला. कागद नाही, बांधणी नाही, टपालखर्चही नाही. मग छापील प्रतीच्या निम्मी, क्वचित तिच्या बरोबरीची रक्कम का मोजावी, असे वाचक विचारू लागला. लेखकाचे मानधन, संपादन, मुद्रितशोधन हे खर्च दोन्हीकडे सारखेच असतात, हे प्रकाशकांचे उत्तर खोटे नाही. परंतु त्याने प्रश्न संपत नाही. त्या पैशांत वाचकाच्या हाती नेमके काय पडते, हा खरा प्रश्न आहे.

बडोद्यातील एका निवृत्त मराठी प्राध्यापकांना तो पंचाहत्तरीत पडला. बारीक टाइप डोळ्यांना पेलेनासा झाला, तेव्हा मुलीने त्यांना वाचनयंत्र आणून दिले. अक्षर हवे तेवढे मोठे होई. पुण्यात प्रसिद्ध झालेली कादंबरी पार्सलची वाट न पाहता त्याच संध्याकाळी वाचता येई. दोन वर्षे जवळजवळ थांबलेले वाचन पुन्हा सुरू झाले. ह्या सुखाच्या किमतीविषयी कुरकुर करणे त्यांना कृतघ्नपणाचे वाटे.

पुढे त्यांची एक जुनी विद्यार्थिनी भेटीस आली. नुकत्याच वाचलेल्या एका समीक्षाग्रंथाविषयी ते उत्साहाने बोलले आणि सवयीने म्हणाले, "घेऊन जा, महिन्याभराने परत कर." ती हसली. "सर, हे कसं नेऊ? ह्यात तुमचं सगळं कपाटच आहे." प्राध्यापकही हसले, पण ती गेल्यावर बराच वेळ कपाटापुढे उभे राहिले. त्यांच्या गुरूंनी दिलेल्या ग्रंथांच्या समासात गुरूंची पेन्सिलीतील टिपणे होती आणि त्यांखाली त्यांची स्वतःची. अलीकडच्या वाचनातले असे काहीच कोणाच्या हाती जाणार नव्हते.

ही केवळ भावनेची बाब नव्हे. विकत घेतलेली छापील प्रत वाचक देऊ शकतो, विकू शकतो, मृत्यूनंतर मागे ठेवू शकतो. ई-पुस्तकाच्या व्यवहारात बहुधा वाचनाचा परवाना तेवढा मिळतो. 2009 मध्ये अ‍ॅमेझॉनने जॉर्ज ऑर्वेलच्या दोन कादंबऱ्यांच्या विकलेल्या प्रती, विक्रेत्याकडे हक्क नसल्याचे आढळताच, वाचकांच्या यंत्रांवरून काढून घेतल्या. त्यांतील एक '1984' होती. 2019 मध्ये मायक्रोसॉफ्टने आपले ई-पुस्तकांचे दुकान बंद केले, तेव्हा घेतलेली पुस्तके नाहीशी झाली. पैसे परत मिळाले. ज्यांनी पुस्तकांत टिपणे केली होती, त्यांच्या खाती आणखी 25 डॉलर जमा झाले. समासाला असा भाव ठरल्याचे उदाहरण विरळाच.

बडोद्याला ह्या प्रश्नाचा दुसरा पैलू ठाऊक असायला हवा. सयाजीराव गायकवाडांनी 1910 मध्ये विल्यम बोर्डन ह्या अमेरिकन ग्रंथपालास बोलावून संस्थानभर मोफत ग्रंथालयांचे जाळे विणण्याचे काम सोपवले. फिरत्या ग्रंथालयाच्या पेट्या खेडोपाडी जात. एका प्रतीची किंमत अशी अनेक वाचकांत वाटली जाई. ग्रंथ महाग की स्वस्त, हे तो किती हातांतून जातो यावरही ठरते. एकाच खात्याशी जखडलेले ई-पुस्तक ह्या हिशेबात, कमी दरातही, महाग पडू शकते.

म्हणून ई-पुस्तकाला नाकारण्याचे कारण नाही. क्षीण दृष्टीच्या, मराठी पुस्तकांच्या दुकानापासून शेकडो मैल दूर राहणाऱ्या वाचकाला ते जे देते, ते छापील प्रत देऊ शकत नाही. मात्र ते वाचनाचा हक्क म्हणून विकले जावे आणि त्याचा दरही तसाच असावा. मालकीचा दर घेऊन परवाना देणे हा न्याय्य व्यवहार नव्हे.

प्राध्यापकांनी आपल्यापुरता मार्ग काढला आहे. ते प्रथम यंत्रावर वाचतात. दुसऱ्या कोणी वाचायलाच हवे असे वाटलेल्या पुस्तकाची छापील प्रत मागवतात आणि जाड पेन्सिलीने, अंदाजाने, समासात दोन-चार शब्द लिहून ती कपाटात ठेवतात. पैसे दोनदा जातात. त्या प्रती त्यांना स्वतःला वाचता येत नाहीत. विद्यार्थिनी आली की ती एखादी घेऊन जाते.