पांढरे उंदीर आणि एक मापटं



मागच्या आठवड्यात गव्हाचा फोटो टाकला, तेव्हा बऱ्याच जणांनी विचारलं की यंदा तुमच्या रानात उंदरानं काड कापलेलं कमी दिसतंय, काय केलं? त्याचं उत्तर द्यायचं तर आधी घरातली एक गोष्ट सांगावी लागते. ती आजवर कुणाला सांगितलेली नाही.

मे महिन्यात लेकीचा मुलगा पुण्याहून सुट्टीला आला. चौथीतनं पाचवीत गेलेला. येष्टीतनं उतरला तर हातात पिंजरा, वरनं टॉवेल टाकलेला. आत दोन पांढरे उंदीर, लाल डोळ्यांचे. दुकानदारानं दोन्ही माद्या आहेत म्हणून दिलेले. आमची मंडळी दारातच म्हणाली, "इथं कोठी राखता राखता जीव जातो, आणि हे पोरगं पैसे देऊन उंदीर आणतंय!" मी पण हसलो. तीस वर्षं मी उंदराला औषध घालतोय, पाळायचा विचार कधी स्वप्नात आला नाही.

पण पोरगं दुपारी झोपायचं आणि पिंजरा माझ्या खाटेशेजारी. बघत बसायची सवय लागली. हा पांढरा उंदीर म्हणजे वेगळी जात नाही. आपल्या घरात, कोठीमागं पळतो त्याच लहान उंदराचा हा भाऊबंद, फक्त रंग गेलेला. वजन 30 ग्रॅमच्या आसपास. दिवसाला खातो 4-5 ग्रॅम, म्हणजे चिमूटभर बाजरी. पण एका जागी बसून खात नाही. इथं एक दाणा कुरतड, तिथं अर्धा टाक, परत दुसरीकडं जा. रात्रभर हेच. नवीन काही ठेवलं, मक्याचा दाणा म्हणा, काकडीची फोड म्हणा, की लगेच येऊन हुंगणार आणि चाखणार. अंगाची सफाई तर माणसाला लाजवेल अशी. नराच्या मुताचा वास मात्र उग्र, रोज कागद बदलावा लागतो. भुसा घालून बघितला, धुळीनं शिंकायला लागले, मग फाडलेला पेपरच बरा.

आमच्याकडं तेव्हा 41-42 ला पारा. उंदराला घाम येत नाही, तिशीच्या वर गेलं की तो सुस्त पडतो. एक जुनं मडकं आडवं ठेवलं, बाहेरनं ओलं पोतं गुंडाळलं. दोघं त्यातच जाऊन झोपायचे. आणि आठव्या दिवशी सकाळी मडक्यात सहा पिल्लं! शेंगदाण्याएवढी, लालबुंद, डोळे मिटलेले. दोन्ही माद्या म्हणे! शेपटीखालच्या दोन छिद्रांतलं अंतर बघितलं की कळतं, नरात ते जास्त असतं. हे मला पण नंतर कळलं. नातवाला सांगितलं, हात लावू नको, त्रास झाला तर आईच पिल्लं खाते. पोरगं दिवसभर मडक्यापासनं हातभर लांब बसून राहिलं.

आता मूळ गोष्ट.

त्याच आठवड्यात उसाच्या बांधावर उंदराचं औषध घालायचं होतं. पावसाच्या आधी बिळं उघडी दिसतात, रानात दुसरं खायला कमी असतं, त्यामुळं मे-जून ही वेळ चांगली. झिंक फॉस्फाइडचं प्रमाण सगळ्यांना माहीत आहे : 960 ग्रॅम भरडा, 20 ग्रॅम तेल, 20 ग्रॅम औषध. मी ओसरीत बसून कालवलं. काठीनंच कालवलं, हातात पिशव्या घातल्या होत्या, तोंडाला फडकं बांधलं होतं. पण काळी पूड काढायला घरातलं अॅल्युमिनियमचं मापटं घेतलं. नंतर ते झटकलं आणि कोनाड्यात ठेवलं. धुतलं नाही. वाटलं, त्याला काय चिकटलंय.

रात्री नातू झोपला होता, म्हणून उंदरांना बाजरी मीच घातली. त्याच मापट्यानं.

सकाळी नर पिंजऱ्याच्या कोपऱ्यात ताठ पडलेला. मादी पिल्लांना पाजत मडक्यात होती, ती बाहेर आली नसावी म्हणून वाचली. मापटं नाकाजवळ नेलं तर लसणासारखा वास. तेव्हा पायाखालची जमीन सरकली. उंदराचं जाऊ द्या. तेच मापटं आमची मंडळी पिठाच्या डब्यात घालते. रात्री भाकरी झाल्या होत्या म्हणून, नाहीतर त्या दिवशी सकाळीच पीठ काढलं असतं. या औषधाला उतारा नाही, पोटात गेलं की गॅस तयार होतो. उंदराला तर उलटी पण होत नाही. माणूस दवाखान्यात पोचला तरी डॉक्टरच्या हातात फार नसतं.

पिंजरा रिकामा केला, धुतला, बाजरी खोल पुरली. मापटं ठेचून त्याच खड्ड्यात टाकलं. पिठाचा डबा पण रिकामा केला. मंडळीला सांगितलं, तिनं दोन दिवस माझ्याशी बोलणं टाकलं, बरोबरच केलं. नातवाला मात्र सांगितलं, "उन्हानं गेला रे." पोरगं रडलं. म्हणालं, "आबा, मी पोतं ओलं करायला विसरलो का?" मी काहीच बोललो नाही.

त्यानंतर तीन आठवड्यांनी मादीनं आणखी पाच पिल्लं दिली. नर जाऊन इतके दिवस झाले तरी! मादी व्याली की दिवसभरात परत गाभण राहू शकते, आणि 19 ते 21 दिवसांत पुढची वेत. पिल्लं दोन आठवड्यांत डोळे उघडतात, तीन आठवड्यांत दूध सोडतात, दीड-दोन महिन्यांत स्वतः व्यायला तयार. रानात एखादी जोडी सुटली तर काय होतं, ते मी माझ्या ओसरीत बघितलं. पिल्लं पिंजऱ्याच्या गजांतनं बाहेर पण येत होती, पेन्सिल जाईल तेवढी फट त्यांना पुरते. शेवटी जाळी मारली, नर-माद्या वेगळ्या केल्या, आणि लेकीनं पुण्यात ओळखीच्या घरी त्या वाटल्या. शेजारी म्हणाले, सोडून द्या रानात. म्हणलं, मांजरानं नाही खाल्ले तर माझ्याच कोठीत येतील.

आता यंदा काय केलं ते. आमच्या भागातल्या कृषी सहायकाला मी म्हणालो, हे पांढरे तर नवीन काही ठेवलं की लगेच खातात, मग रानातले माझं आमिष का सोडतात? ते म्हणाले, घरातला लहान उंदीर चौकस असतो, पण रानातली लहान घूस आणि मोठे उंदीर नवीन वस्तूला बुजतात. आधी थोडंसं चाखतात. पोटात दुखलं आणि वाचला, तर परत त्याला तोंड लावत नाही. मी आजवर साधा भरडा आधी घालायचा कंटाळा करायचो, सरळ औषध घालायचो. म्हणजे दरवर्षी मीच त्यांना शहाणं करत होतो.

यंदा गहू पोटरीत यायच्या आधीच संध्याकाळी सगळी बिळं चिखलानं बुजवली. सकाळी जी उघडी दिसली तेवढीच जिवंत धरली, त्यांना खूण केली. तीन दिवस नुसता तेल लावलेला भरडा. चौथ्या दिवशी औषधाचा, 10 ग्रॅमची कागदी पुडी बिळात आत सारून बीळ बुजवलं. मेलेले गोळा करून पुरले, कुत्री-घुबडं खाऊ नयेत म्हणून. जी थोडी बिळं परत उघडली त्यांत आठ-दहा दिवसांनी ब्रोमॅडिओलोनच्या वड्या. कोठीत मात्र औषध बंदच केलं. तिथं चाप लावतो, एक मोठा लावण्यापेक्षा भिंतीच्या कडेनं लहान लहान सात-आठ. लहान उंदीर दहा ठिकाणी चाखत फिरतो, हे पिंजऱ्यात बघितलेलं. औषधाचं सगळं सामान, माप, काठी, पिशव्या, आता गोठ्यामागं कुलपात.

पाळलेला बघून मारणं सोडलं का, असं कुणी विचारेल. नाही सोडलं. गहू खाल्लेला परवडत नाही. पण मेलेला पुरताना आता हात थोडा थांबतो, हे खरं.

हे लिहून चार दिवस ठेवलं होतं. लेक हे पान वाचते, तिच्याकडनं पोराला कळलं असतं. म्हणून काल आधी त्याला फोन केला आणि सगळं सांगितलं. बराच वेळ गप्प होता. मग म्हणाला, "म्हणजे पोत्यानं नाही गेला?"

म्हणलं, नाही बाळा. मापट्यानं गेला.

"मग मी विसरलो नव्हतो," म्हणाला, आणि फोन आजीला द्यायला सांगितला.