बकासुराचा हप्ता

राक्षसांशी माझा संबंध तसा जुना, म्हणजे बँकेत लागण्याच्याही आधीचा. आमचं घर शहापूरला आणि आजोळ मुरबाडला. पौष पौर्णिमेला म्हशाची जत्रा सुरू झाली की मामा मला घेऊन जायचा. मोठी माणसं बैलांचे दात बघत, बायका घोंगड्यांचा भाव पाडत आणि मी चित्रकथांच्या पथारीपुढे बसकण मारी. तिथेच मला बकासुर मिळाला. मुखपृष्ठ फाटलेलं होतं, म्हणून निम्म्या किमतीत.

माझी वाचायची पद्धत ठरलेली. भीम आणि बकासुर भिडले की तिथून सुरुवात! झाडं उपटली जाताहेत, दगड उडताहेत, 'धडाम्', 'फाड्'! त्याआधीची काही पानं एकचक्रा नगरीतलं एक कुटुंब नुसतं बोलत बसलेलं असे. ती पानं मी तशीच उलटायचो. त्यामुळे मारामारीच्या पानांवर चिंचेचे डाग आणि बोलण्याची पानं कोरी करकरीत.

आजीला वाचता येत नसे. एकदा ओटीवर तांदूळ पाखडता पाखडता म्हणाली, "वाच बघू मोठ्यानं." मी थेट 'धडाम्'ला हात घातला.

"मधूनच काय? त्या घरात काय झालं ते सांग."

झक मारत मागं जावं लागलं. बकासुराला गाडाभर अन्न, दोन रेडे आणि ते घेऊन जाणारा माणूस द्यायचा. एकेका घराची पाळी बांधलेली. आमच्या बँकेच्या भाषेत, हप्ता ठरलेला, मुदतवाढ नाही आणि वसुली कर्जदारासकट. आता पाळी ह्या घराची. बाप म्हणतो मी जातो, आई म्हणते मी, मुलगी म्हणते मला पाठवा. तेवढ्यात बोबडं बोलणारं शेंडेफळ गवताची काडी उचलतं आणि म्हणतं, ह्या काडीनं मी राक्षसाला मारीन. रडणारं घर हसायला लागतं.

"परत वाच," आजी म्हणाली. असं चारदा झालं. भीमापर्यंत पोचेस्तोवर तांदूळ चुलीवर चढले होते. "मारला ना? मारणारच. भीम तो!" एवढ्यावर तिनं महायुद्धाची बोळवण केली.

हे आठवायचं कारण आमचे चिरंजीव. गॉडझिला १९५४ साली जपानी पडद्यावर आला आणि १९७७ ते १९७९ ह्या काळात अमेरिकेतल्या मार्व्हेलनं त्याचे चोवीस अंक काढले, ही माहिती मला त्यांच्याकडूनच झाली. त्यांत ड्यूगन नावाचा मिशाळ, टोपीवाला अधिकारी त्या धुडाच्या मागे हात धुऊन लागलेला असतो. (दिवसअखेर बारा रुपये कमी भरले की आमचे हेड कॅशियर असेच दिसतात.) आणि रॉब नावाचा एक पोरगा असतो, त्याला गॉडझिलाचीच दया येते.

"बाबा, ही माणसं उगीच मधे येतात. पुढं सरकवा," चिरंजीव म्हणतात.

मला सरकवता येत नाही. राक्षसाचा पाय एखाद्या इमारतीवर पडला की मला तळमजल्यावर बँक दिसते. तिजोरीच्या दोन किल्ल्या दोघांकडे, त्यांतला एक चहाला गेलेला, आणि कॅश अजून जुळायची आहे.

"ही माणसं कशाला?" हे मीही एकदा आजीला विचारलं होतं. तिनं सूप खाली ठेवलं.

"आमच्याकडे असेच बसले होते सगळे. चार भाऊ. पाऊस गेला होता. एकानं मुंबईला गिरणीत जायचं होतं. रात्रभर हा म्हणे मी जातो, तो म्हणे मी. धाकटा सहा वर्षांचा. डोक्यावर पाटी घेऊन उंबऱ्याबाहेर गेलासुद्धा! काय हसलो आम्ही."

"मग कोण गेला?"

"थोरला."

"आणि परत कधी आला?"

आजीनं सूप उचललं आणि पुन्हा पाखडायला लागली.

"तू वाच. त्या पोरानं काडी उचलली तिथून."