माया आणि माहिती

'सिस्टर, आता वय झाले, पाय दुखायचेच.' वॉर्डांत उमेदीची वर्षे घालविलेल्या आम्हा परिचारिकांना हे वाक्य तोंडपाठ झाले आहे. वय होते हे खरे. परंतु ठरावीक अंतर चालले की पोटरीत कळ यावी, चार-दोन मिनिटे थांबले की ती विरावी आणि पुन्हा तेवढेच चालल्यावर परतून यावी, हा केवळ वयाचा दोष नव्हे. पायांकडे रक्त नेणाऱ्या धमन्या आतून अरुंद होत चालल्याची ती खूण असू शकते. वैद्यकशास्त्र या विकाराला पेरिफेरल आर्टरी डिसीज म्हणते. विडी-सिगारेट आणि मधुमेह हे त्याचे मोठे साथीदार. उच्च रक्तदाब व वाढलेले कोलेस्टेरॉल त्यांच्या मागोमाग येतात. पायाच्या धमन्यांत जे घडते ते हृदयाच्या व मेंदूच्या धमन्यांतही घडत असण्याचा संभव असतो. म्हणून हे दुखणे पायापुरते मानून चालत नाही.

त्याची पहिली तपासणी अगदी साधी आहे. घोट्याजवळचा रक्तदाब मोजून त्याला दंडावरील रक्तदाबाने भागायचे. उत्तर ०.९० किंवा त्याहून कमी आले तर धमनीत अडथळा आहे असे समजावे. मात्र मधुमेहाने धमन्या कडक झाल्या असतील तर हा आकडा फसवा ठरतो व पुढील तपासण्या कराव्या लागतात.

तपासणीपेक्षा अवघड काम त्यानंतरचे. या आजारात घरची माया नेमकी उलट दिशेने धावते. वसईच्या एका वाडीतले आजोबा आम्हांला आठवतात. जन्मभर अनवाणी चाललेले, विडीचे सोबती, मधुमेही. रात्री पाय ठणकू लागला की ते तो खाटेखाली सोडून बसत. खाली लोंबणाऱ्या पायात थोडे अधिक रक्त उतरे आणि बरे वाटे. त्यांची सून मात्र दर रात्री उठून तो पाय हळुवार उचलून उशीवर ठेवी. पाय गार लागला म्हणून एके रात्री तिने गरम पाण्याच्या पिशवीने शेक दिला. बधिर पायाला चटका कळला नाही. सकाळी फोड दिसला, आठवड्याने बोटे काळवंडली.

तिला 'तुमचे चुकले' असे सांगण्यात कसली शुश्रूषा? आम्ही तिला आजोबांच्या पायांशी बसविले आणि पाहायला शिकविले. रोज उजेडात दोन्ही तळवे व बोटांच्या बेचक्या पाहाव्यात. पाणी कोमटच असावे, आणि ते निरोगी माणसाने कोपराने पारखावे. बेचक्या टिपून कोरड्या कराव्यात. नखे सरळ कापावीत. भोवरीला ब्लेड लावू नये. घरातही चप्पल हवी. शेक नको, पाय उंच ठेवणे नको, डॉक्टरांना विचारल्याखेरीज घट्ट मोजेही नकोत. मग आम्ही म्हटले, 'आता तुम्ही आम्हांला शिकवा.' तिने सारे करून दाखविले, तेव्हा कोठे आमचे शिकविणे पुरे झाले. ऐकणाऱ्याने नुसती मान डोलावली म्हणजे त्याला समजले, असे आम्ही कधी धरीत नाही.

आजोबांची अडलेली धमनी फुग्याने रुंद करण्यात आली. दोन बोटे गेली, पाय राहिला. विडी सुटायला मात्र त्याहून अधिक दिवस लागले. जखम पूर्ण भरल्यावर डॉक्टरांच्या अनुमतीने चालणे सुरू झाले. कळ चांगलीच जाणवेपर्यंत चालायचे, थांबायचे, ती ओसरली की पुन्हा चालायचे. आठवड्यातून तीन दिवस, ३० ते ४५ मिनिटे, निदान १२ आठवडे. 'दुखते तर बसून राहा' हा मायेचा सल्ला येथेही आड आलाच. पण चालण्यानेच पायाची सहनशक्ती वाढते आणि वेदनारहित अंतर लांबते, हे त्यांनी स्वतः अनुभवले.

वाचकहो, एक गोष्ट मात्र सकाळवर ढकलू नका. पाय एकाएकी गार, पांढुरका वा बधिर पडला, हलेनासा झाला, तर त्याच घटकेला रुग्णालय गाठा. तेथे उशीर तासांत मोजला जातो. आणि घरात कुणी वडीलधारे पोटरी धरून वाटेत थबकत असतील, तर 'वय झाले' म्हणण्याआधी त्यांना डॉक्टरांकडे न्या. आज रात्री दिवा जवळ घेऊन त्यांचे तळवे एकदा पाहा.