दोन लाखांतले दहा

अंगठ्याच्या नखाएवढी काळी वडी, दोन्ही अंगांना चार-चार पाय, एका टोकाला अर्धगोल खाच आणि पाठीवर पुसट अक्षरांत ७४१ हा आकडा. डेव्ह फुलगार यांनी फेअरचाइल्ड कंपनीत आखलेली ही चिप १९६८ साली आली, आणि विद्यार्थ्याच्या हातात पहिला ऑप-ॲम्प पडतो तो आजही पुष्कळदा हाच. तिचं काम एवढंच, की दोन इनपुट पायांवरच्या व्होल्टेजमधला फरक साधारण दोन लाख पटींनी मोठा करून आउटपुटला द्यायचा. आउटपुटला दहा व्होल्ट हवे असतील, तर इनपुटला ५० मायक्रोव्होल्टचा फरक पुरतो. एवढं बळ हाताशी असताना आपण तिच्याभोवती दोन रेझिस्टर लावतो आणि तिच्याकडे मागतो काय, तर दहा पट. दोन लाखांतले दहा ठेवायचे, बाकीचे सोडून द्यायचे. ऑप-ॲम्पचं सगळं सौंदर्य मला या सोडून देण्यात दिसतं.

कारण ते दोन लाख भरवशाचे नसतात. या चिपच्या स्वस्त प्रकाराच्या माहितीपत्रकात नेहमीचा गेन दोन लाख दिलेला असतो आणि हमीचा किमान गेन फक्त वीस हजार. एकाच नावाच्या, एकाच पेटीतल्या दोन चिपांमध्ये दहा पटींची तफावत असू शकते. शिवाय तापमान बदललं की गेन बदलतो, पुरवठ्याचं व्होल्टेज बदललं की बदलतो. आता दहा हजार ओहमचा रेझिस्टर इनपुटला आणि एक लाख ओहमचा आउटपुटकडून उलट्या इनपुटकडे, अशी जोडणी करून हिशेब मांडू. दोन लाख गेनची चिप असेल तर प्रत्यक्ष वर्धन येतं ९.९९९५. वीस हजार गेनची असेल तर ९.९९४५. आतलं बळ नऊ-दशांशाने घटलं आणि बाहेर फरक पडला तो हजारात अर्ध्याचा. चिप लहरी आहे हे खरं, पण तिची लहर बाहेर पोचतच नाही.

ही कल्पना चिपपेक्षा कितीतरी जुनी. अमेरिकेच्या एका किनाऱ्यावरून दुसऱ्या किनाऱ्यापर्यंत टेलिफोनवरचा आवाज न्यायचा तर वाटेत ॲम्प्लिफायरांची मोठी माळ लागे, आणि प्रत्येक ॲम्प्लिफायर आवाजात आपली थोडी विकृती मिसळी. एकाची विकृती कानाला खपून जाई. माळेच्या शेवटी मात्र बोलणं ओळखू येईनासं होई. बेल प्रयोगशाळेतले हॅरल्ड ब्लॅक हा प्रश्न कित्येक वर्षं घोळवत होते. २ ऑगस्ट १९२७ च्या सकाळी हडसन नदी ओलांडणाऱ्या फेरीबोटीवर त्यांना उत्तर सुचलं आणि हातातल्या वर्तमानपत्राच्या पानावर त्यांनी ते मांडलं: आउटपुटचा काही भाग उलटा करून इनपुटला परत द्यायचा. त्यात गेन जातो, पण विकृतीही त्याच प्रमाणात जाते. त्याच वर्षाच्या डिसेंबरात त्यांनी विकृती एक लाख पटींनी कमी करून दाखवली. तरी अमेरिकेत पेटंट मिळायला १९३७ उजाडलं, आणि ब्रिटिश पेटंट कार्यालयाने तर हा अर्ज अखंड चालणाऱ्या यंत्राच्या दाव्यासारखा वागवला. कष्टाने मिळवलेला गेन कुणी आपण होऊन घालवील, हे त्या काळच्या जाणकारांनाही पटणारं नव्हतं.

गाणाऱ्याला मात्र ही गोष्ट लगेच पटावी. तंबोरा सुरू असतो, गळा स्वर लावतो, आणि कान दोहोंतलं अंतर सतत मोजत असतो. गळा किंचित उतरला की कान वर खेचतो, चढला की खाली आणतो. मैफलीत आपण ज्याला सुरेलपणा म्हणतो तो गळ्याइतकाच त्या कानाचा असतो. ऑप-ॲम्पची दोन इनपुटं म्हणजे असा कान आहे. मिळायला हवं ते एका पायावर, मिळालं त्यातला वाटा दुसऱ्या पायावर. आणि त्यांच्यातल्या फरकाचा त्याला इतका तिटकारा, की तो पुसला जाईपर्यंत आउटपुट हलत राहतं.

म्हणूनच ‘ऑप-ॲम्पची दोन्ही इनपुटं सारख्याच व्होल्टेजला असतात’ हा पाठ्यपुस्तकातला नियम चिपचा गुण म्हणून शिकवला जातो तेव्हा वाईट वाटतं. आउटपुटकडून परत येणारा, म्हणजे फीडबॅकचा, रेझिस्टर काढून घ्या. काही मिलिव्होल्टच्या फरकाने आउटपुट एका टोकाला जाऊन चिकटेल आणि नियम कोलमडेल. ती समानता मुळात चिपमध्ये नसते. परत आलेली वाट ती घडवत असते, क्षणोक्षणी. आणि घडते तेव्हा तिच्यात केवढं काही मावतं! उलटं इनपुट जमिनीला न जोडताही जमिनीच्या पातळीवर स्थिर राहतं, म्हणून तिथे कितीही रेझिस्टरांमधून प्रवाह आणून सोडा. एकाला दुसऱ्याची खबर लागत नाही आणि संगमावर सगळ्यांची बेरीज होते. फीडबॅकच्या रेझिस्टरच्या जागी कपॅसिटर ठेवला तर तेच सर्किट वेगावरून अंतर काढावं तसं इंटिग्रेशन करतं. १९४७ साली जॉन रगाझिनी आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी या ॲम्प्लिफायरला ऑपरेशनल हे विशेषण दिलं ते अशा गणिती क्रियांवरून.

यावर कुणी विचारील, दहाच पट हवे होते तर थेट दहा पटींचा ॲम्प्लिफायर का बांधू नये? बांधता येतो. पण त्याचे दहा कधी नऊ होतील, कधी अकरा, आणि ते सावरायला त्याच्याकडे काही उरलेलं नसेल. दुरुस्तीला शिल्लक लागते. आपल्या सर्किटात ती शिल्लक सुमारे अठरा हजार पटींची आहे, आणि चूक तितक्याच पटींनी दबते.

दुसरा आक्षेप जास्त जड आहे. परत येणाऱ्या संदेशाला वाटेत उशीर होतो. उशीर इतका वाढला की सावरायला आलेला हात धक्का देऊ लागतो. मग सर्किट स्वतःशीच गुणगुणू लागतं. सभेत माइक लाउडस्पीकरसमोर आला की उठणारी कर्कश शिट्टी याच जातीची. हॅरी नायक्विस्ट यांनी या धोक्याची सीमा १९३२ साली गणिताने आखून दिली. बॉब विडलर यांच्या १९६५ च्या ७०९ या चिपला शांत ठेवण्यासाठी बाहेरून कपॅसिटर जोडावे लागत. फुलगार यांनी ७४१ मध्ये ३० पिकोफॅरडचा कपॅसिटर आतच बसवला. त्याची किंमत जबर आहे. सेकंदाला पाच-दहा कंपनांपासूनच गेन उतरू लागतो, हजार कंपनांना तो जेमतेम हजार उरतो आणि दहा लाखांना एक. पण आपल्याला दहाच हवे असल्याने ते सुमारे नव्वद हजार कंपनांपर्यंत टिकतात. इथेही गेन सोडला, पल्ला मिळाला.

फीडबॅकने सगळंच भरून येतं असं मात्र मी म्हणणार नाही. आउटपुट मायक्रोसेकंदाला अर्धा व्होल्ट एवढ्याच वेगाने चढू शकतं. दहा व्होल्ट उंचीची लाट सेकंदाला आठ हजार कंपनांच्या पुढे गेली की तिचा त्रिकोण होऊ लागतो. इनपुटचे दोन ट्रान्झिस्टर तंतोतंत जुळे नसल्याने एखाद्या मिलिव्होल्टचा दोष जन्मापासून असतो, आणि तो अकरा पटींनी वाढून बाहेर येतो. दोष कानातच असला तर गळा काय करणार? त्यासाठी १ आणि ५ हे दोन पाय ठेवलेत. त्यांना पोटेन्शिओमीटर जोडून आउटपुट हाताने शून्यावर आणावं लागतं.

एवढं झाल्यावर उरतात ते दोन रेझिस्टर. तपकिरी-काळा-नारिंगी आणि तपकिरी-काळा-पिवळा, शेवटी सोनेरी पट्टा. सोनेरी म्हणजे पाच टक्के इकडे-तिकडे. दोघे विरुद्ध दिशांना गेले तर दहाचे अकरा होतात किंवा नऊ. लहरी चिपने हजारात अर्ध्याचा फरक केला होता. आता संशय घ्यायचा तर या दोन मातकट कांड्यांचा, आणि त्या पेटीतून मीटरने मोजून निवडता येतात.